तुम्ही विचारलंत म्हणून: कॅथरीन फेरर्स खरंच वाटमारी करायची का?

इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायरला आमच्याकडे पाहुणे आले की नोमॅन्सलँडच्या माळावर फिरायला नेतेच. तिथल्या ‘द विकेड लेडी’ या पबची पाटी वाचून प्रश्न येतो: पाटीवरची ही ‘दुष्ट बाई’, म्हणजे सतराव्या शतकातली लेडी कॅथरीन फेरर्स, खरंच दरोडे घालायची का?

गोष्ट अशी सांगतात. लेडी कॅथरीन फेरर्स रात्री चोरजिन्याने खाली उतरायची, पुरुषी कपडे आणि तीन कोनांची टोपी घालून काळ्या घोड्यावर बसायची. रॅल्फ चॅप्लिन नावाचा शेतकरी तिचा साथीदार. एका रात्री या माळावर तिला गोळी लागली. तशीच घोडा फेकत ती मार्क्येट सेल या आपल्या वाड्यापर्यंत पोचली आणि चोरजिन्याच्या दाराशी कोसळली. लुटीचा खजिना वाड्याजवळच्या विहिरीपाशी एका झाडाखाली पुरलाय, असंही गावात म्हणतात.

तर उत्तर: नाही. निदान मला तरी हे मुळीच पटत नाही. दरोड्याच्या आरोपात तिचं नाव असलेला त्या काळचा एकही कागद नाही. गोष्ट लिहून निघाली ती एकोणिसाव्या शतकात. तीन कोनांच्या टोपीची फॅशनसुद्धा ती गेल्यावर काही दशकांनी आली.

तिची जी हकीकत कागदोपत्री आहे, ती मात्र कुणी विचारत नाही, आणि मला तीच सांगायची असते. कॅथरीनचा जन्म 1634 चा. वडील आणि आजोबा दोघेही 1640 मध्ये गेले आणि सहा वर्षांची पोर सगळ्या इस्टेटीची एकटी वारस झाली. आईने फॅन्शॉ घराण्यातल्या सर सायमनशी दुसरं लग्न केलं. यादवी युद्धात फॅन्शॉ मंडळी राजाच्या बाजूची. राजा हरला, पार्लमेंटने त्यांच्या मालमत्तेवर टाच आणली. घरात पैसा हवा होता आणि वारसदार मुलगी घरातच होती. 1648 मध्ये, तेरा-चौदा वर्षांची असताना, सावत्र बापाचा पुतण्या थॉमस याच्याशी तिचं लग्न लावलं. तेव्हाच्या कायद्याने बायकोच्या जमिनीचा कारभार नवऱ्याच्या हाती जायचा. तिचा वारसा एकेक करून विकला गेला. मार्क्येट सेलही त्यातच, 1650 च्या दशकात, गेला. म्हणजे गोष्टीत ती ज्या दाराशी मरते, ते दार तेव्हा तिचं उरलंच नव्हतं! इतकी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात कशी येत नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

जून 1660 मध्ये ती गेली. वय सव्वीस, मूलबाळ नाही. नुकताच राजा चार्ल्स दुसरा लंडनला परतला होता. ज्या पक्षापायी तिची इस्टेट गेली त्याचे दिवस पालटले, पण ते तिला उपभोगता आले नाहीत. दफन वेअर गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये झालं. माहेरच्या वाड्यापासून इतक्या लांब का, गुपचूप का, असं लोक कुजबुजतात. अहो, वेअर पार्क हे तिच्या सासरचं घर होतं! सासरच्या गावी सुनेचं दफन झालं, यात गूढ ते काय?

याच गोष्टीवर बेतलेल्या, अभिनेत्री मार्गारेट लॉकवुडच्या 1945 च्या सिनेमाने मुखवटा आणि पिस्तूल लोकांच्या डोळ्यांत पक्कं बसवलं. तुम्ही आलात तर माळ जरूर दाखवीन, पण त्याच दिवशी वेअरलाही जायचं, ही माझी अट आहे.