मूल जेवत नाही? आधी घड्याळ बघा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "आमचं मूल काही खातच नाही, भाजीला तर हातही लावत नाही. चांगलं खायची सवय घरी कशी लावायची?" पालकांना पदार्थांची यादी हवी असते. मी आधी दोन दिवसांचा हिशोब मागते. उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय गेलं आणि किती वाजता, दूध-ज्यूससकट सगळं वहीत लिहायचं.

वही उघडली की निम्मं उत्तर तिथेच सापडतं. जेवणाआधी पाऊण तास कपभर दूध, मग दोन बिस्किटं, मग रडू आलं म्हणून अर्धं केळं. एवढ्याशा पोटात आता भूक कुठून राहणार? १ ते ५ वर्षांच्या मुलाला दिवसभरात ३५० ते ५०० मिली दूध पुरतं. त्याहून फार जास्त झालं की जेवण मागे पडतं. गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच, त्यामुळे दुधावरच वाढणाऱ्या मुलाच्या अंगातलं लोह कमी होतं आणि भूक आणखी मंदावते. ज्यूस पहिल्या वर्षात अजिबात नको, ३ वर्षांपर्यंत दिवसाला १२० मिलीच्या वर नको. त्यापेक्षा फळ कापून दिलेलं केव्हाही बरं.

तेव्हा पहिलं काम वेळा बांधायचं. तीन जेवणं, दोन वेळा खाऊ, मध्ये अडीच-तीन तासांचं अंतर आणि त्या अंतरात फक्त पाणी. सुरुवातीचे काही दिवस जड जातात. जेवण नाकारून मूल तासाभरात काहीतरी मागायला येतं आणि आपण "थोडंसंच" म्हणून देतो. सवय मोडते ती इथे. पुढची वेळ काही लांब नसते. शांतपणे तेवढं सांगा आणि तोवर थांबा.

दुसरं काम वाटणीचं. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी ती फार नेमकी मांडली आहे: काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. ऐकून पालकांच्या पोटात गोळा येतो, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. म्हणजे पहिल्या वाढदिवसानंतर भूक कमी होणं हा वाढीचाच भाग आहे. नेमक्या त्याच सुमाराला घराघरात मागे धावून घास भरवणं सुरू होतं आणि मुलाचा स्वतःच्या भुकेवरचा भरवसा उडतो.

ताटात किती वाढायचं? वयाच्या दर वर्षाला प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा, हा ढोबळ अंदाज. आणखी हवं तर मूल मागेल. ताटात एक तरी पदार्थ त्याच्या हमखास आवडीचा असू द्या, पण त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक नको.

आता भाजी. साधारण २ ते ६ या वयात अनोळखी पदार्थाची भीती सगळ्यात जास्त असते. नवी चव पटायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते, आणि बहुतेक घरं तिसऱ्या-चौथ्या नकाराला हात टेकतात. गाजराचं उदाहरण घ्या. बोटाएवढा लांब काप, चिमटीत सहज दबेल इतका मऊ शिजवलेला. तो एकच काप ताटाच्या कडेला ठेवा आणि त्याबद्दल अवाक्षर काढू नका. ढकलून दिला? एक वेळ झाली. दोन-तीन दिवसांनी पुन्हा. हात लावला, वास घेतला, चाटून थुंकला, हे सगळं मोजायचं. थुंकायला वाटी जवळ असू द्या. बाहेर काढायची मुभा असली की मूल तोंडात घालायला धजतं. तुमच्या ताटातही गाजर हवं आणि तुम्ही ते खाताना दिसायला हवं. भाजी वाटून दुसऱ्या पदार्थात लपवली तर ती पोटात जाते खरी, पण मुलाची तिच्याशी ओळख होत नाही.

"भाजी संपव, मग गोड देते" हे मात्र कृपा करून सोडा. मुलांच्या खाण्याच्या सवयींवर संशोधन करणाऱ्या लिअॅन बर्च आणि सहकाऱ्यांच्या १९८४ सालच्या प्रयोगात बक्षिसासाठी घ्यावं लागलेलं पेय मुलांना नंतर कमी आवडू लागलं. गोड द्यायचंच तर जेवणासोबत लहानसा वाटा, भाजी खाल्ली-न खाल्ली तरी. "माझ्यासाठी एक घास" याऐवजी विचारा, "पोट भरलं का?"

बसण्याकडे फारसं कुणी बघत नाही. पाय लोंबकळत असले की मूल चुळबुळतं. पायाखाली स्टूल द्या. स्क्रीन बंद. २० ते ३० मिनिटांत ताट उचला, न रागावता.

पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे किंवा सुकामेवा देऊ नका, घशात अडकतो. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा, कच्चं गाजर किसून द्या.

वजन वाढायचं थांबलं किंवा उतरलं, घास घेताना वारंवार ठसका लागतो किंवा उमासे येतात, खाण्यातले मोजके पदार्थही एकेक करून सुटत चालले आहेत, यातलं काहीही दिसलं तर घरचे प्रयोग थांबवून बालरोगतज्ज्ञांना गाठा. जाताना वजनाच्या नोंदी आणि ती वही सोबत न्या.