काकींचा अ‍ॅक्सोलॉटल आणि मे महिना

मे महिन्यातली दुपार, डिचोलीहून एका काकींचा फोन, "दादा लगेच ये रे, याच्या अंगाला कापूस आलाय." मुलगा पुण्याला शिकायला गेलाय, त्याचा अ‍ॅक्सोलॉटल (सरड्यासारखा दिसणारा, पाण्यातच राहणारा उभयचर प्राणी) काकीच बघतात आणि अगदी जीव लावून बघतात. मी टाक्या बसवतो नि साफ करतो, पण असा फोन आला की हातातलं काम टाकून निघतोच.

जाऊन बघतो तर बिचारा तळाशी पडलेला, शेपटीचं टोक गळासारखं वळलेलं, डोक्यामागचे झुपकेदार कल्ले पुढे मुडपलेले आणि एकावर पांढरा पुंजका. काकी फंगसचं औषध घेऊन तयार. म्हटलं औषध राहू दे, आधी थर्मामीटर. पाणी ३० अंश!! अहो हा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या पाण्यातला प्राणी, याला १६ ते १८ लागतं, २४ च्या वर गेलं की त्रास सुरू. टाकीवर पंखा होता, पण पंख्याने पाणी गार होतं ते वाफ उडून, आणि आपल्याकडे मे महिन्यात हवाच इतकी दमट की वाफ उडणार कुठे, पुण्यात जे चालतं ते गोव्यात चालत नाही. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी आणि अमोनिया जास्त विषारी. अमोनियाच्या टेस्टची नळी पिवळी राहायला हवी ती हिरवी झाली. फंगस हे सगळं झाल्यावर येतो.

जाळीत कल्ले अडकतात म्हणून डब्यानेच उचलून टबात घेतला. काकी म्हणाल्या विहिरीचं घालू का, त्यात क्लोरीन नसतं. बरोबर, पण जांभ्यातलं पाणी बऱ्याचदा आंबट असतं, मोजलं तर पीएच ६ च्या आसपास, याला सातच्या वर हवा. मग नळाचंच, त्यातलं क्लोरीन घालवून. बर्फ थेट टाकायचा नाही, गोठवलेली बाटली सोडायची, तीही एकेक, एकदम गार झालं तरी धक्का बसतो. रोज सगळं पाणी नवीन आणि पुंजक्यासाठी लिटरला दोन छोटे चमचे बिनआयोडीनचं मीठ घालून वेगळ्या भांड्यात दहा मिनिटं, बस.

रात्री २४, दुसऱ्या दिवशी १९. पुंजका जायला आठवडा गेला पण गांडूळ त्याच्या आधीच खाल्लं, काकींनी व्हिडिओ पाठवला. चिलर (पाणी गार ठेवणारं यंत्र) येईपर्यंत टाकी एसीच्या खोलीत हलवलीय, बिल येऊ दे म्हणाल्या, पोर सुट्टीला येईल तेव्हा हा धडधाकट दिसायला हवा.