'घरातील आजार' या रकान्यात रेघ

दत्तक गेलेली मुलं मोठी होऊन आमच्या संस्थेत येतात ती बहुधा एकच प्रश्न घेऊन, माझी आई कोण? छत्तीस वर्षांच्या या बाईनं पर्समधून रिपोर्ट काढला. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं, तपासणीत बीआरसीए-१ जनुकात दोष निघालेला.

"डॉक्टर दरवेळी विचारतात, घरात कुणाला होता का? मी काय सांगणार? पण मॅडम, मी विचारायला नाही आले. सांगायला आलेय. तिच्या बाकीच्या मुलांनाही असू शकतो ना हा दोष?"

असू शकतो. आईकडून आलेला असो वा बापाकडून, तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. त्यानं अंडाशयाच्या कर्करोगाचाही धोका वाढतो. आधी कळलं तर तपासण्या लवकर सुरू करता येतात.

पत्र्याच्या कपाटातून १९८८ची फाईल काढली. जन्माचं वजन, लसी, सगळं नीट लिहिलेलं. 'घरातील आजार' या रकान्यात नुसती रेघ. एकोणीस वर्षांच्या त्या अविवाहित मुलीला कुणी विचारलंच नसेल. विचारलं असतं तरी घरातली बरीच दुखणी तेव्हा अजून यायचीच होती. मला हेच फार लागतं. फाईल एका दिवशी बंद होते, माणसं पुढे आजारी पडत राहतात.

नाव सांगू नये, असं तिनं तेव्हाच लिहून दिलं होतं. अशा वेळी संमती विचारायची ती संस्थेनं किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षानं. ती नाही म्हणाली तर मुलाला फक्त परिस्थिती सांगायची, नाव नाही. हा नियम मला मनापासून पटतो. त्या बाईचा संसार कशावर उभा आहे, आपल्याला काय ठाऊक? पण तो मागायला येणाऱ्यांसाठी आहे. ही तर द्यायला आली होती.

पत्ता लागायला दोन महिने गेले. फोन लावण्याआधी मी खिडकी लावून घेतली, लोकलचा आवाज थेट आत येतो.

"ताई, मुंबईहून बोलतेय. जवळ कुणी आहे का?"

"नाही. का?"

"अठ्ठ्याऐंशी साल," एवढंच म्हटलं.

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "बरी आहे ना ती?"

मुलीनं सांगायला सांगितलं होतं तेवढं सगळं सांगितलं.

"माझी थोरली बहीण छातीच्या गाठीनंच गेली. बेचाळिसाव्या वर्षी."

भेटीचं विचारलं. नको म्हणाली. रडत म्हणाली, पण नकोच म्हणाली. मी फोन ठेवणार, तेवढ्यात, "थांबा. त्या तपासणीचं नाव सावकाश सांगा. धाकटी माझी सव्वीसची आहे. कॅलेंडरवर लिहिते... नको, सगळ्यांना दिसेल. हातावर लिहिते. हं, सांगा."