कशाला हवंय?

पुण्यातल्या बुरुड आळीत गेले तेव्हा माझ्या डोक्यात एक सूप आधीच टांगलेलं होतं. दिवाणखान्याच्या पिवळ्या भिंतीवर, मागून मंद दिवा सोडलेलं. कुणाच्या तरी घराच्या फोटोत पाहिलं होतं, तेव्हापासून.

मावशी उकिडव्या बसून बांबूच्या कामट्या तासत होत्या. शेजारी टोपल्या, परड्या, दुरड्या एकीत एक घालून ठेवलेल्या. मी सूप मागितलं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कशाला हवंय?"

"भिंतीवर लावायला."

कोयता थांबला. "भिंतीला काय पाखडायचंय?"

मी हसले, त्या हसल्या नाहीत. मग त्यांनीच एकेक विचारत नेलं. लग्नाचं हवंय का? गौरींसाठी? बाळाला ठेवायला? की रोज धान्य पाखडायला? रोजच्या सुपाला विणीच्या फटी बुजवाव्या लागतात. त्यासाठी आमची आजी भिजवलेली मेथी आणि कागदाचा लगदा एकत्र वाटून सूप लिंपायची, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. इतकी वर्षं तो वास कुठे जाऊन बसला होता कोण जाणे. मी गुपचूप पाखडायचं सूप घेतलं. घासाघीस करायचं धाडसच झालं नाही. भिंतीसाठी सूप घेणारीने कुठल्या तोंडाने दहा रुपये कमी करायला सांगायचं?

म्हणून कसब्यातल्या तांबट आळीत जाताना मी शहाणी होऊन गेले. ही आळी डोळ्यांच्या आधी कानांना सापडते. पेशवाईत इथले कारागीर शस्त्रं, नाणी आणि भांडी घडवायचे. आता भांडी उरली आहेत आणि ठोक्यांचा आवाज. एका दुकानात मला घंगाळ दिसलं. दारात पाणी भरून वर झेंडूच्या पाकळ्या सोडायला अगदी योग्य.

"कशाला हवंय?" इथेही तेच!

"आंघोळीला," मी ठोकून दिलं.

इथून माझी पंचाईत सुरू झाली. काका म्हणाले, मग हे नको, लहान पडेल. आंघोळीचं म्हणजे पत्रा जाड हवा, नाहीतर न्हाणीघरात आपटून पोचे येतील. कड्या भक्कम हव्यात, भरलेलं घंगाळ दोघांना उचलता आलं पाहिजे. घरात माणसं किती? बंब आहे का? मी एका खोटेपणावर दुसरा रचत गेले आणि समोरचं घंगाळ मोठं होत गेलं. तांब्याचा भाव किलोवर, वर मजुरी. काट्यावर ठेवल्यावर आकडा बघून माझा जीव गोळा झाला.

"काका, खरं सांगू का? फुलं ठेवायचीत."

त्यांना ना राग आला, ना हसू. "मग आधी सांगायचं ना ताई. फुलांना पातळ पत्रा पुरतो. कशाला उगाच वजनाचे पैसे घालता?" आणि त्यांनी मागून निम्म्या वजनाचं काढून दिलं.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की या आळ्यांमधला 'कशाला' हा चौकसपणा नव्हेच, ते माप आहे. पत्रा किती जाड, कड्या कुठे, वीण किती घट्ट, सगळं त्या उत्तरावर ठरतं. त्या घंगाळावरचे ते गोल गोल ठसे, ज्यांना मी इतके दिवस नक्षी समजत होते, तेही कामाचेच निघाले. तापवलेलं तांबं मऊ पडतं. घण मारून मारून ते कडक करायचं, त्याला मठारणं म्हणतात. आकार आता बऱ्याचदा यंत्रावर काढतात, मठारकाम मात्र हातानं, असंही काकांनी आपणहून सांगितलं. 'शंभर टक्के हस्तनिर्मित' अशी चिठ्ठी चिकटवणाऱ्या चकचकीत दुकानात हे कुणी सांगितलं नसतं.

मधे मंडईत जाऊन पोटात काहीतरी टाकलं. 1886 सालची ती इमारत, पूर्वीचं रे मार्केट, आताची महात्मा फुले मंडई. तिथून तुळशीबागेत डोकावले. नारो आप्पाजींनी बांधलेल्या राममंदिराभोवतीच्या त्या गर्दीत मला कुणीही काही विचारलं नाही. "बोला ताई, काय दाखवू?" एवढंच. पंधरा मिनिटांत तीन वस्तू घेतल्या. त्यांतल्या दोन कशासाठी घेतल्या, ते अजून ठरायचंय.

कुंभारवाड्यात पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. एक रंगवलेला, वारली चित्रांचा माठ मनात भरला. "झाड लावणार की पाणी पिणार?" कुंभारदादांचा प्रश्न तयारच. पिणार म्हटल्यावर त्यांनी तो काढून घेतला. रंगानं मातीची छिद्रं बुजतात, पाणी झिरपत नाही, मग गार कुठून होणार? त्यांनी साधा काळा माठ पुढे केला. भट्टीत धूर कोंडून ठेवला की माती अशी काळी होते म्हणे. बोटाच्या पेरानं टकटक केलं, खणखणीत वाजला. "आधी पाण्यात भिजत ठेवा, मग भरा. आणि फ्रिजशेजारी ठेवू नका," ते म्हणाले. का, ते विचारायचं राहिलं. मत्सर वाटत असावा, माठाला किंवा फ्रिजला.

परतीच्या रिक्षात मांडीवर सूप, पायाशी घंगाळ आणि कडेवर मूल घ्यावं तसा माठ. रिक्षावाल्या दादांनी आरशातून दोनदा पाहिलं.

"घरात लग्न दिसतंय."

"हो," मी म्हटलं. सूप, घंगाळ आणि माठ एकाच दिवशी का घेतले, हे समजावून सांगण्याएवढं कोथरूड लांब नव्हतं.