फळ्यासमोर उभे करणे मी का थांबवले

लातूरमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवताना मला बावीस वर्षे झाली आणि गेली काही वर्षे प्रत्येक पालकसभेत तोच प्रश्न येतो: "सर, पूर्वी तुम्ही पोरांना फळ्यासमोर उभं करून सगळ्यांदेखत गणित सोडवून घेत होतात, ते का बंद केलंत?" सर आता मऊ पडले, हा त्यामागचा सूर मला ऐकू येतो. तुम्ही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

२०१८ च्या डिसेंबरात अकरावीच्या बॅचमध्ये नव्वद मुले होती. निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेल्या मुलीला मी फळ्यापाशी बोलावले आणि उतरणीवरून घसरणाऱ्या ठोकळ्याचे गणित दिले: घर्षण नाही, कोन तीस अंशांचा, त्वरण काढ. तिने उतरण काढली, ठोकळा काढला, वजनाचा बाण सरळ खाली ओढला आणि तिथेच थांबली. मी मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले आणि "बोल, पेपरात काय करशील?" असे तीन-चार वेळा म्हणालो. मागच्या बाकांवरून कोणीतरी हसले. तिने खडू इतका दाबून धरला होता की त्याचा तुकडा पडला, तरी हात बाणाच्या टोकाशीच होता. "सर, येतंय मला, पण आता काहीच दिसंना," ती म्हणाली. "येत असतं तर दिसलं असतं," असे उत्तर देऊन मी तिला तास संपेपर्यंत तिथेच उभे ठेवले. तास सुटल्यावर ती दप्तर उचलून थेट बाहेर पडली आणि आठवड्याभरात वडील तिला गावी घेऊन गेले. फीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. तिची वही बाकावर राहिली होती. त्या वहीत तेच गणित आदल्या दिवशीची तारीख घालून सोडवलेले होते: वजनाचे दोन घटक, साइन तीस, उत्तर ४.९, एककासकट.

म्हणजे माझे वाक्य खोटे होते. तिला येत होते आणि तरीही दिसत नव्हते. हे कसे होते, ते समजून घेण्यासाठी मी वाचायला लागलो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो घेतो, आणि कठीण गणित समोर आले तरी या खर्चात पडणारी भर बहुधा ५ टक्क्यांहूनही कमी असते. तेव्हा "डोकं चालव" म्हणून आपण बंद पडलेले काही सुरू करत नाही. मेंदू चालूच असतो, फक्त कामाची वाटणी बदलते. कपाळामागचा बाहेरच्या बाजूचा भाग आणि माथ्याच्या मागच्या अंगाचा भाग एकमेकांशी जुळून एका जाळ्यासारखे काम करू लागतात आणि आकडे, पायऱ्या, मधली उत्तरे तात्पुरती धरून ठेवतात. त्याच वेळी दुसऱ्या एका जाळ्याची हालचाल मंदावते. मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याला 'डिफॉल्ट मोड' हे नाव दिले. मन भटकते, स्वतःविषयी, झाल्या-गेल्याविषयी, उद्याविषयी विचार करते, तेव्हा हे जाळे विशेष जागे असते. काम अवघड होत जाते तसे पहिले जाळे चढते आणि दुसरे उतरते, पण भार झेपेनासा झाला की पहिलेही ढासळते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. त्यात भीती आली तर नॉरॲड्रेनालिन आणि डोपामिन या मेंदूतल्या रसायनांचा अतिरेक होऊन कपाळामागच्या त्या भागातल्या पेशींची पकड सैल होते.

आता त्या मिनिटाकडे पाहा. ज्या क्षणी तिच्या मनातला 'माझे काय होईल' हा विचार शांत व्हायला हवा होता, त्याच क्षणी घड्याळ, हसणे आणि माझा आवाज मिळून तिला फक्त तोच विचार करायला लावत होते. हे मी ठामपणे लिहितो आहे खरे, पण तिच्या मेंदूचे चित्र कोणी काढलेले नाही. ही मापे अनेक माणसांच्या सरासरीची असतात आणि डिफॉल्ट मोडला खलनायक ठरवणेही चूक आहे, कारण काही प्रकारचे आठवणे त्याच्यावाचून होत नाही.

पूर्वीचा मी अजून माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, २०२५ च्या नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न होते, तिथे घड्याळ कोणी लपवले का? दडपणाची सवय वर्गात नाही लावायची तर कुठे लावायची? त्याच्या हाताखालून गेलेल्या, आज डॉक्टर असलेल्या मुलांची नावे तो मला सांगतो आणि ती नावे खरी आहेत. त्यांतले दोघे मला भेटल्यावर म्हणाले की फळ्यापुढच्या त्या धाकानेच ते घडले. त्यांना मी काय उत्तर द्यावे, हे मला सुचले नाही. पद्धत बदलल्यावर निकाल वाढला, असेही मी सांगू शकत नाही. तो साधारण तेवढाच आहे.

तरीही येत्या बॅचलाही मी कोणाला नाव घेऊन फळ्यापाशी बोलावणार नाही. गणित फळ्यावर लिहीन, प्रत्येकाने चार मिनिटे आपापल्या वहीत सोडवावे, मग ज्याला यावेसे वाटेल त्याने यावे. आपल्या मुलाला दडपणाचा सराव हवा असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याला शनिवारी तास सुटल्यावर थांबायला सांगावे. त्या वेळी घड्याळ लावून मी प्रश्न विचारीन, पण खोलीत आम्ही दोघेच असू आणि दार उघडे असेल.