युरोपावरचा ऑक्सिजन: तुम्ही विचारलेत म्हणून

गुरूच्या युरोपा या चंद्राचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: तिथे ऑक्सिजन सापडला आहे, मग तो सोडणारे काही सजीव तिथे असतीलच ना? पृथ्वीवर राहणाऱ्याला अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु हा ऑक्सिजन युरोपाच्या बर्फाळ पृष्ठभागावर अखंड चालणाऱ्या कणांच्या माऱ्यातून निर्माण होतो.

गुरू सुमारे 10 तासांत स्वतःभोवती फिरतो आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र भोवतालच्या प्लाझ्मालाही, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूलाही, जवळजवळ त्याच गतीने फिरवते. या प्लाझ्मातील गंधकाचे आणि ऑक्सिजनचे आयन (विद्युतभारित अणू) मुख्यतः आयो या शेजारच्या ज्वालामुखी चंद्राकडून आलेले असतात. युरोपाला एका प्रदक्षिणेस साडेतीन दिवस लागत असल्याने हा प्लाझ्मा त्याला मागून गाठतो आणि सेकंदाला सुमारे 100 किलोमीटर वेगाने त्याच्यावर आदळतो.

या आघाताने पाण्याचे काही रेणू अखंडच उडतात, तर काही फुटून त्यांच्या तुकड्यांपासून हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू तयार होतात. यानंतर होणारी निवड मला फार देखणी वाटते. पाण्याचा रेणू उणे 140 अंश सेल्सिअसहूनही थंड असलेल्या पृष्ठभागावर परतला की गोठून बसतो आणि हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो. ऑक्सिजन मात्र त्या थंडीतही गोठत नाही आणि जड असल्यामुळे सहजी सुटतही नाही, म्हणून तोच पृष्ठभागालगत साठत जातो. 1995 साली हबल दुर्बिणीच्या अतिनील निरीक्षणांतून तो ओळखला गेला. त्याचा दाब पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या साधारण शंभर अब्जावा भाग आहे, त्यामुळे त्याला वातावरण म्हणताना थोडा संकोचच वाटतो.

हा साठा वाढत का नाही, तर त्यालाही प्लाझ्माच कारण आहे. त्यातील इलेक्ट्रॉनांच्या धडकेने ऑक्सिजनचे रेणू आयन बनतात आणि गुरूचे चुंबकीय क्षेत्र त्यांना ओढून नेते. सप्टेंबर 2022 मध्ये गुरूचा अभ्यास करणारे नासाचे जुनो यान युरोपापासून सुमारे 350 किलोमीटरवरून गेले, तेव्हा मोजलेल्या हायड्रोजनच्या आयनांवरून ऑक्सिजनची निर्मिती सेकंदाला सुमारे 12 किलो असावी असे अनुमान निघाले. आधीचे काही अंदाज 1000 किलोपर्यंत जात होते.

तुमच्या प्रश्नातील सजीवांचा धागा मात्र मी सोडणार नाही. तयार झालेल्या ऑक्सिजनपैकी काही बर्फातच अडकून राहतो, आणि तो बर्फाखालच्या महासागरापर्यंत पोहोचत असेल तर तिथल्या संभाव्य सजीवांना तो ऊर्जेसाठी उपयोगी पडू शकेल. तेव्हा 12 किलो हा आकडा त्यांच्या दृष्टीने तुटपुंजाच म्हणावा लागेल.