पदवीधरच्या मतपत्रिकेवर मी क्रमांक कसे लावले

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत द्यायचे तर आधी नमुना १८, म्हणजे नावनोंदणीचा अर्ज, भरावा लागतो. विधानसभेच्या यादीत नाव असून भागत नाही. पदवीला तीन वर्षे झालेली हवीत. प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडली, नाव यादीत आले. खरे डोके लागले ते पुढे, मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे क्रमांक लावताना.

प्रचाराला येणारा जवळपास प्रत्येक जण सांगे, "आमच्यापुढे १ लिहा आणि थांबा. दुसरी पसंती दिली की आमचे मत कमी होते." साफ खोटे. इथे जागा एकच असते, त्यामुळे दुसरी पसंती मोजली जाते ती पहिल्या पसंतीचा उमेदवार सर्वांत कमी मतांमुळे बाद झाल्यावरच. तोवर ती त्याच्या केसालाही धक्का लावत नाही. उलट १ लिहून थांबलात आणि तो बाद झाला, तर मतपत्रिका बाजूला पडते आणि शेवटच्या लढतीत तुमचा आवाजच उरत नाही. अमरावती पदवीधरला २०२३ मध्ये पहिल्या पसंतीवर कोणीच कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मते, गाठला नव्हता. एकेक उमेदवार बाद होत गेला, तेव्हा कुठे धीरज लिंगाडे निवडून आले.

आमदारांना बरे हे गणित पाठ असते! जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत मतदार आमदारच, पण जागा सहा, म्हणून तिथे जिंकलेल्याची कोट्यावरची मतेही पुढच्या पसंतीकडे जातात. पहिल्या पसंतीची मते शिवसेनेच्या संजय पवारांना ३३, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. पण भाजपने आपल्या पहिल्या दोघांना ४८-४८ दिली होती. कोटा साधारण ४१. वरची शिल्लक दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळली आणि पवार पडले.

माझा पेच वेगळा होता. आवडती उमेदवार अपक्ष, समोर दोन तगडे पक्ष. एक मित्र म्हणाला, "डावपेच कर, तिला सोड." म्हणून कागदावर मांडून पाहिले. समजा १०० मते: अ ४२, ब ३१, क २७. कोटा ५१. क बाद झाला, त्याची १४ मते अ-कडे गेली, १३ ब-कडे. अ ५६ वर जिंकला. आता ब-च्या तिघांनी क-ला १ दिला असता तर ब २८, क ३०. मग ब बाद, त्याची सगळी मते क-ला, आणि क ५८ वर विजयी. म्हणजे ब-च्या समर्थकांना अ नकोच असेल, तर तिथे प्रामाणिक पहिली पसंती महागात पडते.

पण हा धोका आपला उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर टिकण्याइतका मोठा, तरी शेवटी हरणारा असेल तेव्हाचा. माझी अपक्ष तर लवकरच बाद होणार हे उघड होते, त्यामुळे तिला १ देण्यात गमावण्यासारखे काहीच नव्हते. एवढेच पाहिले की दोन तगड्यांपैकी एकाला क्रमांक मिळेपर्यंत हात थांबवायचा नाही. २ आणि ३ दुसऱ्या अपक्षांना, ४ त्या दोघांतल्या बऱ्याला.

केंद्रावर जांभळा स्केचपेन देतात, त्यानेच लिहायचे. फक्त आकडे, 'एक' असे अक्षरी लिहिले किंवा बरोबरची खूण केली तर मत बाद. १ दोघांपुढे पडला तरी बाद.

अपेक्षेप्रमाणे ती सुरुवातीच्या फेऱ्यांत गेली, मागोमाग ते दोन अपक्षही. माझे मत फिरत फिरत चौथ्या पसंतीपाशी पोहोचले आणि शेवटच्या लढतीत मोजले गेले. बाद झालेल्यांना 'फक्त १' देणाऱ्यांच्या मतपत्रिका तोवर गठ्ठ्यात बांधून झाल्या होत्या. पुढच्या वेळी नमुना १८ पुन्हा भरायचा आहे. ही यादी दर निवडणुकीला नव्याने करतात.